हसरं तोंड, रडकं तोंड

लहान पोरं घरी-शाळेत सुखात आहेत का, याची टॅबवर पाहणी करायची म्हणजे डोक्याला ताप. मी या कामाला लागले तेव्हा अमरावतीच्या ऑफिसात सांगितलं, "पोरांना वाचायचं काम नाही. तुम्ही प्रश्न वाचा, ती चेहरा दाबतील." हसरा, गप्प आणि रडका, असे तीन चेहरे. हे ठरवणाऱ्यानं दुसरीतलं पोर कधी जवळून पाहिलं होतं की नाही, देव जाणे!

बाळापूरकडच्या एका शाळेत दुसरीतली एक मुलगी माझ्यासमोर बसली. मी विचारलं, "घरी जायची वेळ झाली की तुला कसं वाटतं?" तिनं लगेच रडका चेहरा दाबला. मागून तिची मैत्रीण डोकावून ओरडली, "अवं, चुकलं तुह्यं! हसरं दाब!" त्या वर्गात गणित बरोबर आलं की बाई वहीत हसऱ्या तोंडाचा शिक्का मारायच्या, चुकलं की रडक्या तोंडाचा. पोरगी घाबरली. पाटी पुसावी तसा तिनं फ्रॉकनं टॅब पुसला, हसरा चेहरा दाबला आणि म्हणाली, "आता बरोबर झालं नं, मॅडम?"

टॅब बाजूला ठेवून तिला जवळ घेतलं. "आधी रडकं काहून दाबलं वं?"

"चुकून."

मी तिच्या बाईंना सांगितलं. "उद्याच जातो तिच्या घरी," त्या म्हणाल्या.

अकोल्याला आमच्या पाहणीच्या साहेबांच्याही कानावर घातलं. ते म्हणाले, "शेवटी जे दाबलं तेच उत्तर." असा संताप आला! त्यांच्या कॉम्प्युटरवर त्या शाळेचा रकाना हिरवागार होता, म्हणजे सगळी पोरं खुशीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाईंचा फोन आला. "मॅडम, घराले कुलूप हाय. सकाळीच बिऱ्हाड हालवलं म्हणते शेजारीण. कुठी गेले, कोणालेच ठाऊक नाही. पोरगी टेम्पोत बसायले तयार नव्हती. 'मी बाईले सांगतो, बाईले सांगतो' म्हणून रडत होती." मग त्यांनी विचारलं, "मले तर तिनं कधी काही सांगतलं नाही. तुमाले सांगतलं होतं का?"

मी "हो" म्हणाले. पहिल्यांदा दाबलेलं ते रडकं तोंड, तेच तिचं सांगणं होतं.

बडनेऱ्याच्या फलाटावर त्या वयाची पोरगी दिसली की अजून माझे पाय थांबतात. शाळेत मी मधूनमधून फोन करते. तिचा दाखला न्यायला कोणीच आलेलं नाही.