मोगऱ्याचा ताण

"मेलं नाय ओ मास्तर, पाणी तोडलंय," असं म्हणून माझ्या ओळखीचे एक बागाईतदार नखाने मोगऱ्याच्या फांदीची साल खरवडून दाखवत. आत हिरवं दिसलं की आपणच ते झाड जन्माला घातल्यासारखे खूश होत.

वटार गावातली त्यांची वाडी माझ्या शाळेच्या वाटेवर होती. दिवाळी सरली की ते मोगऱ्याचं पाणी बंद करत. पानं पिवळी पडून गळत. मग छाटणी करून पाणी सोडलं की वाडी कळ्यांनी भरून जाई. याला बागाईतदार ताण देणं म्हणतात. यांनी तो माणसांनाही लावला होता. कुणी नापास होवो, कुणाची नोकरी जावो, यांचं औषध एकच: "ताण बसतोय, बहर येईल." माझ्या दाढदुखीवरही त्यांनी हेच सांगितलं. दाढ शेवटी उपटावी लागली.

पण त्यांची मुलगी सासरहून पळून आली, तेव्हा या औषधाची आमची थट्टा थांबली. तिकडे तिला राबवत आणि उपाशी ठेवत. यांनी तिला दोनदा परत नेऊन सोडलं. सोसल्याने माणूस घडतो, असं त्यांनी मला सांगितलं आणि मीही मान डोलावली. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी त्यांच्या ओटीवर होतो. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ते काही बोलणार, तोच त्यांची बायको म्हणाली, "झाडाची साल रोज खरवडून बघता. हिला सोडायला दोनदा गेलात, बघायला एकदा तरी गेलात?"

दुसऱ्या दिवशी बैलगाडी जुंपून ते व्याह्यांच्या दारात गेले आणि तिची ट्रंक घेऊन आले. गाव काय काय बोललं. त्यांनी ऐकून घेतलं. वर्षभराने तिला माझ्याकडे शिकायला पाठवलं. ती मास्तरीण झाली.

लोक म्हणत, सोसलं म्हणून एवढी झाली. त्यावर हे भडकत. "जेवली, झोपली, शिकली म्हणून झाली. सोसण्यात तिची दोन वरसं फुकट गेली, ती मी घालवली."

ते वारले तेव्हा त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने पुन्हा तेच सांगितलं, की दुःखानेच या लेकीचं सोनं केलं. लोकांनी माना डोलावल्या. खोडून काढायला ते नव्हते. मग मी उठलो आणि त्यांचं वाक्य, "ती मी घालवली" यासकट, जसंच्या तसं सांगितलं. पुढे बसलेली त्यांची मुलगी तेव्हा कुठे रडली.