दोन बोटं बस

स्क्रू आवळताना मामूंच्या हाताकडे तुम्ही पाहायला हवं होतं. बारीक पेचकस अंगठा आणि पहिल्या बोटात, बाकीची तीन बोटं तळहातात मिटलेली. "मुठीचं काम नाई हे," ते म्हणायचे. "दोन बोटं बस."

अकोल्यात माझं चष्म्याचं दुकान. मामू (सगळं गाव त्यांना मामूच म्हणायचं) पातूरकडच्या एका खेड्यातले शेतकरी, परवान्याच्या रायफलीचे मालक. रानडुकरांनी तूर-सोयाबीनची नासाडी मांडली होती ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. वनखात्याची परवानगी निघाली की आजूबाजूची गावं मामूंना बोलवायची. मारलेल्या डुकराला ते हात लावत नसत. खायचं नाही तर मारता कशाला, म्हणून मामी चिडवायच्या, तर म्हणायचे, "सारं वावर त्यायनंच खाल्लं तं तू रांधशीन काय?"

गावच्या सायकलवाल्याच्या पेचकसाने एकदा स्क्रूचं डोकं झिजलं, तेव्हापासून रायफलीवर दुर्बीण बसवायला ते माझ्या दुकानात यायचे. आधी रायफल उघडून, ती रिकामी आहे हे मला पाहायला लावायचे. मग दुर्बीण धरून ठेवणाऱ्या कड्यांचं तेल पुसायचे, दुर्बीण त्यात अलगद ठेवायचे आणि मागच्या भिंतीवर लटकवलेल्या ओळंब्याच्या दोरीशी आतली उभी रेघ जुळवायचे. त्यानंतर स्क्रू. थोडा हा, थोडा समोरचा, पुन्हा हा. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. गिऱ्हाईक ताटकळलं तरी त्यांना घाई नसायची.

"जरा जोर लावा ना," मी एकदा म्हणालो.

"आत काचा हायेत भाऊ. तुमच्या चष्म्याची दांडी तुमी पकडीनं पिरगाळता काय?"

निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या वर्षी मामूंची रायफल परत आली ती पाहून माझं डोकंच फिरलं. नावाची चिठ्ठी कुणीतरी बांधकामाच्या तारेने थेट दुर्बिणीला पिळून बांधली होती. रायफल बहुतेक दुर्बिणीला धरूनच इकडून तिकडे नेली असावी, म्हणून कड्या हलल्या. आणि त्या हलल्या म्हणून कुणा शहाण्याने पकडीने आवळल्या होत्या. दुर्बिणीची नळी चेपली होती. मामूंनी निशाणा जुळवायची वरची चकती फिरवून पाहिली, ती फिरेना.

मी त्यांना घेऊन ठाण्यात गेलो. जमादार चहा पीत होता. "लोखंड हाये ते. लोखंडाले काय होते?" म्हणाला. मी आवाज चढवला तसा मामूंनीच माझा शर्ट ओढला. मला आजही त्या माणसाचा राग येतो. त्याने चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नव्हता.

त्याच आठवड्यात गावात डुकरं उतरली. लोक मामूंच्या दारात. मामूंनी साफ नकार दिला. "निशाण्याचा भरोसा नाई. जनावर जखमी होईन, अन् सकायी निंदणाले जाणाऱ्या बायायच्या अंगावर येईन."

लोक म्हणाले, मामू म्हातारे झाले. काहींनी याहून वाईट म्हटलं, ते मी इथे लिहीत नाही. सरपंचाच्या भावाकडेही रायफल होती, त्याच ठाण्यातून त्याच दिवशी परत आलेली. तपासायची तसदी न घेता त्याने दिवस मावळताना गोळी झाडली. डुक्कर लंगडत नाल्यात शिरलं आणि हा गडी घरी जाऊन जेवला.

दिवस उजाडताच मामू काठी घेऊन नाल्याच्या वाटेवर उभे राहिले, निंदणाच्या बायांना परत पाठवायला. रायफल घरीच होती, त्या चेपलेल्या दुर्बिणीसकट. बाया परतल्या. मामू मागे वळले आणि डुक्कर नाल्यातून त्यांच्या अंगावर आलं. मांडीची शीर तुटली. अकोला येईपर्यंत सगळं संपलं होतं.

पेपरात आलं, 'रानडुकराच्या हल्ल्यात शेतकऱ्याचा मृत्यू'. रानडुकराच्या! चेपलेल्या दुर्बिणीचं कुणी नावही घेतलं नाही.

परवानेवाला गेला की रायफल पुन्हा ठाण्यात जमा करायची असते. मामींनी मला सोबत बोलावलं. टॉवेलात गुंडाळलेली रायफल त्यांनी दोन्ही हातांवर आणली आणि टेबलावर ठेवली. तोच जमादार. त्याने टॉवेल बाजूला केला आणि दुर्बिणीला धरून रायफल उचलायला हात घातला.

"खालून धरा," मामी म्हणाल्या.

"आता काय फरक पडते, मामी? ते तं खराबच हाये."

मामींनी रायफलीच्या लाकडी दस्त्यावरचा हात काढला नाही. शेवटी त्याने हात खाली घालून रायफल उचलली, भिंतीला टेकवली, नावाची चिठ्ठी लिहिली. मग तारेचा तुकडा घेतला आणि पक्कड शोधायला खण उघडला.