पत्ताकोबीच्या वावरातला आउटफिल्डर

वाशीम सोडून एसटी अनसिंगच्या रस्त्याला लागली, तेव्हा माझ्या मांडीवरच्या पिशवीत दोन ऐवज होते: साताऱ्याचे कंदी पेढे आणि बेसबॉलचा एक जुना हातमोजा. शेजारच्या आजोबांनी पेढ्यांकडे ढुंकूनही न पाहता हातमोजा उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय होय, भाऊ?"

"चेंडू झेलायचा हातमोजा."

"अन् उघड्या हातानं काहून नाई झेलत?"

तीस वर्षं मी बेसबॉल शिकवतोय, पण तेव्हा मात्र आजोबांच्या हातावर एक पेढा ठेवला आणि हातमोजा पिशवीत कोंबला.

मी निघालो होतो विलासकडे. राज्याच्या शिबिरात तो माझ्या हाताखाली घडला. आउटफिल्डर, म्हणजे मैदानाच्या पार मागे उभा राहून उंच आलेले चेंडू टिपणारा आणि तिथून थेट होमपर्यंत (फलंदाजाच्या जागेपर्यंत) फेकणारा. परदेशात एका संघाकडून दोन हंगाम तो पगारी खेळाडू होता. मग खांदा दुखावला, संघानं नारळ दिला, आणि गेलं वर्षभर तो गावी भाजीपाला पिकवतोय. आता खांदा बरा होता. तिथल्याच दुसऱ्या एका संघानं एकच गोष्ट मागितली होती: ऐंशी मीटरवरून फेकलेला चेंडू टप्पा न पडता होमवर पोचल्याचा व्हिडिओ, तोही सोमवारच्या आत. पोचला तर सहा महिन्यांचा करार. नाही तर तिशी ओलांडलेल्या गड्याला पुन्हा कोण विचारतंय? चेंडू मी झेलणार होतो, मोबाइल त्याची बायको रंजना धरणार होती.

थांब्यावर विलास मोटरसायकल घेऊन उभा होता. तुरीच्या कडेकडेनं, धुऱ्यावरून (बांधावरून) हिसके खात आम्ही थेट त्याच्या वावरात (शेतात) उतरलो. तिथे पत्ताकोबीचा (आपल्याकडच्या कोबीचा) टेम्पो भरणं चाललं होतं. विलास खालून गड्डा उडवायचा आणि टेम्पोतली रंजना तो अलगद झेलून रचायची. आवाज म्हणून नाही.

"हात मागं घेत झेलाव लागते, सर," ती म्हणाली. "मार लागला का बाजारात कोनी हात लावत नाई."

मला कुठली दुर्बुद्धी सुचली कोण जाणे! "सरक जरा," म्हणत मी टेम्पोत चढलो. चार गड्डे पाडले आणि पाचवा डाव्या अंगठ्यावर घेतला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी टेम्पोलाच नावं ठेवली. तोवर अंगठा टम्म फुगला होता.

रंजनानं हळद लावून पट्टी बांधली. जेवायला गोळ्याची कढी (वाटलेल्या डाळीचे गोळे सोडलेली) आणि ज्वारीची भाकर होती. मी भुरके मारत विचारलं, "रंजना, विलास गेला तर तुझं कसं?"

"पयले चेंडू तं येऊ द्या, सर," एवढंच म्हणून ती वाढायला वळली.

फुगलेल्या अंगठ्यावर हातमोजा चढेना. झेलणार कोण, हा प्रश्नच होता. रंजनानं माझ्या पिशवीतून हातमोजा काढला आणि चढवला. मोबाइल माझ्याकडे आला.

सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात आम्ही टेप लावून अंतर मोजलं. विलासनं पहिला चेंडू फेकला. टप्पा पडला. दुसऱ्याचाही पडला. तिसरा तर रंजनापासून चांगला दहा पावलं अलीकडे. विलास ढेकळांवर बसला. मी धावत जाऊन खांदा चाचपला. कुठे दुखत नव्हतं.

"संपलं, सर. खांद्यात काई राह्यलं नाई."

एवढ्यात रंजना ढेकळं तुडवत आली.

"खांद्याले काय धाड भरली? अवो, तुमी मले पत्ताकोबी फेकून राह्यले!"

"तुले लागंल वं."

"लागू द्या. हा हात बाजारात न्याचा हाये का? वर्षभर एक गड्डा जोरानं नाई फेकला तुमी मले. आज फेका."

सकाळपासून तेच तर माझ्या डोळ्यांपुढे चाललं होतं! गड्डा सोडताना शेवटच्या क्षणी त्याचं मनगट सैल पडायचं. समोर बायको उभी म्हटल्यावर चेंडूही तसाच सुटत होता. शिकवणारा मी, आणि चूक दिसली तिला.

ती जागेवर गेली. विलास उठला, चार पावलं मागे गेला, धावत आला आणि जीव खाऊन चेंडू सोडला. तो थेट हातमोज्यात गेला, फाडकन! रंजना मागे ढेकळात बसली आणि तिनं तसाच हात वर केला.

"आला वो!" हातावर फुंकर मारत ती हसत होती, आणि डोळे पुसत होती.

परतीच्या एसटीत मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला ते सांगत नाही. एका कोपऱ्यात माझी पट्टी आलीय. फेक खांद्यात असते, असं मी पोरांना आयुष्यभर सांगत आलो. समोर उभ्या माणसाबद्दल मी कधी बोललोच नव्हतो.

पाचव्या दिवशी फोन आला. विलास बोलायच्या आत रंजनानं त्याच्या हातातून फोन घेतला.

"सर, घेतलं ह्यायले!"

"मग खूश ना?"

"खूश हाये नं. रडूबी येते. आता फेकीन मी. टेम्पोत झेलाले मानूस पाहिजे. तुमी येता का?"

"अगं, मी चार गड्डे पाडले होते!"

"या तं. शिकवीन मी तुमाले."

अंगठा अजून वाकत नव्हता. मी वाशीमचं तिकीट काढलं.