रंगारी बाईंचा हरकतींचा वर्ग

रत्नमाला रंगारी बाईंची आणि माझी पहिली भेट एका सरकारी इमारतीच्या व्हरांड्यात, एका लाकडी बाकावर झाली. आम्ही दोघे तिथे एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी आलो होतो. आमच्या भागाचा प्रारूप विकास आराखडा नुकताच जाहीर झाला होता. कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग हे आधी नकाशावर मांडायचे, मग नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवायच्या आणि ज्यांनी त्या दिल्या त्यांना सुनावणीला बोलवायचे, अशी ती पद्धत. त्या नकाशात आमच्या सोसायटीमागच्या ओढ्यावर स्लॅब टाकून हिंजवडीकडे जाणारा नवा रस्ता दाखवला होता. बाईंचे घर ओढ्याकाठच्या वस्तीत, अगदी खालच्या गल्लीत. त्या रस्त्याला हरकत घ्यायला बाई शाळेतून रजा घेऊन आल्या होत्या. मी रस्ता झालाच पाहिजे हे सांगायला कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलो होतो.

ते दिवस आठवले की आजही गंमत वाटते. आमच्यासारख्यांना नोकरी लागली की फ्लॅट, फ्लॅटपाठोपाठ गाडी, आणि गाडी आली की ती तासन् तास उभी करून ठेवायला हिंजवडीचा रस्ता, असा सगळा क्रमच ठरून गेला होता. मी पेठेत वाढलेला. सायकलवरून शाळेला जाणारा मी, तेव्हा गाडी घरी ठेवून कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत घरी पोचायचो आणि घरी सगळे झोपलेले असायचे.

बाकावर बसल्या बसल्या मी माझी सूचना पुन्हा वाचत होतो. शेजारच्या बाईंनी चष्मा वर केला आणि विचारले, "अहो, मी वाचू का?" त्यांच्या हातात पेन होते. मी कागद दिला. त्यांनी आधी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि मग म्हणाल्या, "पायाभूत सुविधा, आर्थिक वाढ, जागतिक दर्जा. हे सगळं ठीक आहे. पण यात तुम्ही कुठे आहात?"

"मी म्हणजे?"

"तुम्हाला रस्ता काहून पाहिजे?" बाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या. एरवी त्यांचे मराठी आमच्या पेठेला लाजवील असे, पण एखाद्या गोष्टीत जीव गुंतला की त्यात 'काहून' आणि 'बापा' येतातच.

"लवकर घरी पोचायला."

"लवकर पोचून काय करणार?"

मला जरा रागच आला. तरी खरे ते सांगितले. "माझी मुलगी झोपायच्या आत मला घरी पोचायचंय."

"मग ते लिहा ना बापा! ते वाचून साहेब मान तरी वर करतील."

मी तिथेच, त्यांच्याच पेनने, कागदाच्या मागच्या बाजूला चार ओळी लिहिल्या. बाईंचे नाव पुकारले गेले तेव्हा मला कळले की त्या रस्त्याच्या विरोधात आहेत. माझी पाळी आल्यावर अधिकाऱ्यांनी खरोखरच मान वर केली आणि विचारले, "वेळेवर पोचवणारी बस मिळाली तर चालेल का?" मी पटकन 'चालेल' म्हणून गेलो. त्यांनी ते लिहून घेतले. बाहेर बाई थांबल्या होत्या. मी जरा चिडूनच विचारले, "तुम्ही विरोधात होतात, मग मला मदत कशाला केलीत?" त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणंच नीट कळलं नाही तर मी उत्तर कशाला देऊ?"

बाईंच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी लिहायला बसल्यावर सर्वांत आधी हे वाक्य आठवते. त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी ते आहे असे मला वाटते.

बाईंच्या आजोबांनी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातल्या मुलींना शाळेत घातले. लग्नानंतर बाई पुण्याला आल्या. रंगारी काका चिंचवडला कारखान्यात होते आणि बाई मराठी शाळेत शिक्षिका. त्यांच्या शाळेतली एक गोष्ट त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. 'माझी आई' या विषयावरचे निबंध पोरांनी गाइडमधून उतरवून आणले. बाईंनी सगळ्या वह्या वाचल्या आणि वर्गात येऊन एवढेच विचारले, "सगळ्यांच्या आया पहाटे उठून सडा घालतात? मग चाळीतल्या नळावर रोज भांडतं कोण?" वर्ग हसला आणि वह्या परत गेल्या.

हाच शिरस्ता त्यांनी रविवारच्या वर्गात आणला. वस्तीतल्या विहाराच्या ओसरीवर सकाळची वंदना झाली की सतरंज्या तशाच ठेवायच्या आणि हरकतींचा वर्ग सुरू करायचा. वस्तीतले लोक, सोसायट्यांतले लोक, वाघोलीहून दोन बस बदलून येणारी मंडळी, कुणीही यावे. नियम दोनच. आधी ओढ्याकाठाने चालून यायचे आणि मग जे पाहिले ते आपल्या शब्दांत लिहायचे. तयार मसुदा मिळणार नाही. मी पहिल्यांदा गेलो तो कुतूहलाने, दुसऱ्यांदा गेलो तो माझ्या बुटांना लागलेला चिखल पाहून बायकोने विचारलेल्या प्रश्नांना उत्तर हवे होते म्हणून. आमच्या गच्चीतून मला दिसायचा तो घाण वासाचा नाला. काठाने चालल्यावर कळले की टेकडीवरचे सगळे पाणी इथूनच जाते, आणि आमच्या इमारतीची कुंपणभिंत त्याच्या पात्रातच पाय सोडून बसली आहे. त्या महिन्यात माझे रस्त्याबद्दलचे मत बदलले. बाईंनी मात्र ते बदलायचा कधी प्रयत्न केला नाही.

मत बदलले की माणूस उत्साहात येतो, आणि आम्ही आयटीवाले उत्साहात आलो की संकेतस्थळ काढतो. हरकतींची मुदत वाढवून मिळाली होती, तेव्हा माझा सहकारी समीर याने एका शनिवार-रविवारात ते उभे केले. नाव घाला, बटण दाबा, की ओढा वाचवण्याची हरकत तयार. कंपनीतल्या कॉफीयंत्राशेजारी उभे राहून लोकांनी बटणे दाबली. अमेरिकेतल्या मावसभावांनीही दाबली. समीर छापील गठ्ठे रिक्षात घालून जमा करून आला आणि आम्ही पेढे वाटले. पुढच्या सुनावणीत त्या सगळ्या गठ्ठ्यांची मिळून एकच हरकत धरली गेली, कारण मजकूर अक्षर न् अक्षर सारखा होता. नियमाने ते बरोबरच होते. बाईंच्या ओसरीवर लिहिलेल्या हरकती मात्र एकेक करून पुकारल्या गेल्या. एका आजींनी लिहिले होते की ओढ्याच्या कडेच्या उंबराखाली दुपारी बसता येते, पत्र्याच्या घरात आता बसवत नाही. अधिकाऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली आणि उन्हाळा पूर्वीपेक्षा किती जाचतो ते शांतपणे ऐकून घेतले.

आता बाई आम्हाला चांगल्याच फैलावर घेणार असे वाटले होते. त्या फक्त समीरला म्हणाल्या, "यंत्र छान आहे. पुढच्या वेळी त्यात रिकामी जागा ठेवा, लोकांना लिहायला." त्याने तसे केले.

हवामानबदल हा शब्द बाई जपून वापरतात. त्याचा अभ्यास त्यांनी कसून केला, पण बोलताना त्या वस्तीतल्या पत्र्यांवर आणि ओढ्यातल्या पाण्यावर येतात. एकदा एका मोठ्या हॉटेलात शाश्वत भविष्यावर परिसंवाद होता, त्याला त्यांना बोलावले. मी सोबत होतो. सभागृह इतके गार की बाईंनी पदर अंगभर लपेटून घेतला. भाषणाची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तापमानवाढीवर एवढं ऐकलं, पण इथे काही ती जाणवेना. पुढची सभा आमच्या खालच्या गल्लीत घ्या, मे महिन्यात." पुढे दोघे प्राध्यापक खरोखर आले आणि ओसरीवर घाम पुसत बसले. बाईंनी त्यांना माठातले पाणी आणि वाळ्याचे पंखे दिले.

हे काम नुसत्या सद्भावनेने होत नाही, सत्तेत बसलेल्यांना रेटा द्यावा लागतो, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक निवडणुकीत त्या झाडून सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना ओसरीवर बोलावतात. हार नाही, घोषणा नाही. चहा आणि एकच प्रश्न: पाऊस आता तासाभरात कोसळतो, ते पाणी तुम्ही कुठून नेणार? एक उमेदवार उत्साहाने म्हणाले, "बाई, आपण ओढ्याचं सुशोभीकरण करू. दिवे, बाक, कारंजं." बाई म्हणाल्या, "अहो, आधी त्याला आंघोळ घाला, पावडर नंतर लावा." सगळे हसले, ते उमेदवारही हसले. पण निवडून आल्यावर ओढ्यातला राडारोडा त्यांनीच काढून दिला, हे बाई आजही आवर्जून सांगतात. ते गृहस्थ बाईंना न आवडणाऱ्या पक्षाचे आहेत, तरीही सांगतात.

आता जे सांगायचे आहे ते माझ्या घरचे आहे. एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला. ओढ्याच्या खालच्या टप्प्यावर आधीच्या काळात स्लॅब टाकलेला होता. तो कचऱ्याने तुंबला आणि तिथल्या दुकानांत कमरेएवढे पाणी शिरले. माझी मुलगी ईरा तेव्हा तिसरीत होती. तिच्या शाळेची बस ओढ्यापलीकडे अडकली. मी हिंजवडीत, बायको स्वारगेटला, दोघांचे फोन लागेनात. अखेर एका अनोळखी क्रमांकावरून ईराचा आवाज आला, "बाबा, मी रंगारी आजींकडे आहे. आम्ही खिचडी खातोय." बाईंनी बसमधल्या सगळ्या मुलांना हाताला धरून विहारात आणले होते, टॉवेल दिले होते, आणि एकेकाच्या घरी फोन लावत बसल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या घरात त्या वेळी घोट्याएवढे पाणी होते. ते त्यांनी संध्याकाळी काढले. आमच्याकडचा ओढा उघडा होता म्हणून पाणी घोट्यावर थांबले, नाहीतर खालच्या गल्लीत काय झाले असते याचा विचार आजही करवत नाही. मी पोचलो तेव्हा ईरा त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपली होती. बाई म्हणाल्या, "आज वेळेवर पोचला असतात तर जागी सापडली असती." त्या रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या. बाईंचे ऋण मानायचे तर मी त्या दुपारपासून मानतो.

त्या आराखड्यातून रस्ता वगळला गेला. बसही आली, सांगितल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आणि कमी फेऱ्यांची, पण आली.

आणि आता, इतक्या वर्षांनी, सुधारित आराखड्यात तोच रस्ता त्याच ओढ्यावर पुन्हा उमटला आहे. आमच्या गौरव समितीची मंडळी बाईंकडे ग्रंथाची परवानगी मागायला गेली, नेमकी तेव्हा. बाईंनी ऐकून घेतले, आत गेल्या, आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद आणून दिला. ग्रंथाला त्यांची हरकत होती. आम्हीही रीतसर ओसरीवर सुनावणी घेतली. समीर अध्यक्ष. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्यावर पाच-पाच पानं लिहायला तुमच्याकडे वेळ आहे. ओढ्याच्या हरकतींची मुदत संपत आलीय, तिकडे कुणी लिहिलेलं दिसत नाही. आधी तिकडे लिहा. मी कुठे पळून जात नाही." हरकत एकमताने मान्य झाली. या ग्रंथातल्या प्रत्येक लेखकाने आधी आपली हरकत लिहून दिली आहे, आणि म्हणूनच हा ग्रंथ वाढदिवस उलटून गेल्यावर आपल्या हाती येत आहे. संपादकांना कृपया दोष देऊ नये.

माझ्या घरात मात्र वेगळेच घडले. ईरा आता स्वतः हिंजवडीत नोकरी करते. तिला तो रस्ता हवा आहे. "बाबा, तुमचा ओढा ठीक आहे, पण माझी रोजची तीन तासांची लाइफ त्या ट्रॅफिकमध्ये जाते, त्याचं काय?" असे ती जेवताना विचारते. मुदत संपायच्या आधीच्या रविवारी ती विहारात गेली. मला वाटले, चला, बाई समजावतील. संध्याकाळी कळले की बाईंनी तिला शेजारी बसवून रस्त्याच्या बाजूने सूचना लिहायला मदत केली, दोनदा नव्याने लिहायला लावली, आणि ऱ्हस्व-दीर्घही सुधारले.

मी दुसऱ्या दिवशी तडक बाईंकडे गेलो. "बाई, तुमचं घर त्या गल्लीत आहे. आणि तुम्ही तिला मदत केलीत?"

गुडघ्याला तेल चोळत बाई म्हणाल्या, "तुम्हाला नव्हती का केली?"

सुनावणीची तारीख अजून यायची आहे. त्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर मी, ईरा आणि मध्ये बाई असे बसू, एवढे नक्की. नकाशात रस्ता राहील की ओढा, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

बाईंच्या गुडघ्यांना बळ मिळो, त्यांची दृष्टी अशीच बारीक राहो, त्यांचे पेन कधी वाळू नये. त्यांना आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, किमान माझ्या लेकीचे मत बदलेपर्यंत तरी. ती माझ्यापेक्षा पुष्कळ हट्टी आहे, तेव्हा बाई, अजून बरीच वर्षे तुम्हाला थांबावेच लागेल.