मारुतीच्या देवळातले कंट्रोलर

रंगनाथतात्या देवळात आले की आधी घड्याळाकडे बघत, मग मारुतीकडे. मारुतीकडे बघत तेही दिवा नीट लागलाय की नाही एवढ्यासाठी. हात जोडत नसत. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीत देऊळ एकच, आणि त्याची किल्ली ज्या माणसाकडे होती तो देव मानत नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पहाटे उठून देऊळ उघडायची दुसऱ्या कुणाची तयारी नसल्यामुळे या विषयाच्या कोणी फार खोलात जात नसे.

तात्या सिल्लोडकडचे. उभी हयात एसटीच्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलेली. "गाडीत पाशिंजर हाय का नाय हे कंट्रोलर बघत नाय," ते म्हणत, "टायम झाला की गाडी सुटली पायजे." आरतीलाही हाच नियम. कापूर पेटला की सुरू. एकदा कुणी पुढारी वाटेत आहेत म्हणून थांबायला सांगितलं, तर तात्या म्हणाले, "पुढच्या गाडीनं येतील."

मी नवीन राहायला आलो तेव्हा न राहवून विचारलं, "तात्या, देव मानत नाही, मग हा खटाटोप कशाला?"

"देव नाय, पण माणसं हायेत ना?" झाडू न थांबवता ते म्हणाले. "त्या समोरच्या काकू सकाळी इथं येऊन घडीभर बसत्यात. घरात सून बसू देत नाय त्यांला. त्यांच्यापुरतं तरी झाडलेलं पायजे. माझा धरम एवढाच."

आमच्या आस्तिकांची गोष्ट निराळी. त्यांचा देवावर एवढा विश्वास की देवळाचं सगळं त्यांनी देवावरच सोडून दिलं होतं. कमिटीचे अध्यक्ष दाभाडेसाहेब ठेकेदार होते. ते रोज न चुकता दर्शन घेत. स्कूटरवरूनच, इंजिन बंद न करता.

एका वर्षी कीर्तनाला आलेल्या बुवांनी तात्यांची व्यवस्था बघून त्यांच्या भक्तीचं तोंड भरून कौतुक केलं. तात्यांनी तिथल्या तिथे दुरुस्ती केली, "भक्ती नाय बुवा, देव मानत नाय मी." बुवा रुसून न जेवता गेले आणि दाभाडेसाहेबांनी देवळातच सभा बोलावली.

"वाद नको," साहेब म्हणाले. "तात्या, मारुतीच्या पायावर हात ठेवून एकदा म्हणा, देव आहे. विषय संपला."

तात्या गाभाऱ्यापर्यंत गेले. आम्हाला वाटलं, आता म्हणणार. ते तिथूनच वळून म्हणाले, "देवळात उभं ऱ्हाऊन खोटं बोलू व्हय?"

साहेबांनी लगेच हात वर करायला सांगितले. किल्ली काढून घ्यावी असं ठरलं. विरोधात हात माझा एकट्याचा. निवृत्तीनंतर त्या माणसाला सकाळी उठावंसं वाटावं असं हे एकच काम होतं. तात्यांनी किल्ली साहेबांच्या हातात दिली. "सकाळचं झाडून घेत जा बरं का," असं प्रत्येकाला सांगत ते पायऱ्या उतरले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मारुती साहेबांच्या सवडीनं दर्शन देऊ लागला आणि समोरच्या काकू बंद दारापुढे पायरीवर बसू लागल्या.

मग सप्ताह आला. सप्ताहात वीणा अखंड कुणाच्या तरी गळ्यात हवी, ती खाली टेकता कामा नये, म्हणून पहाऱ्याच्या पाळ्या लावतात. शेवटच्या दिवशी चारपर्यंत मी, चारपासून दाभाडेसाहेब. त्याच दुपारी क्रिकेटची मॅच. चार वाजले, पाच वाजून गेले. घराघरांतून टीव्हीसमोरचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि देवळात मी, वीणा आणि लाउडस्पीकरवाले शब्बीरभाई. माझ्या पायांत गोळे आले.

"साब, मैं पकड लेता," शब्बीरभाई म्हणाले, "मगर तुमारे लोगां चिल्लाएंगे. तात्या कू बुला के लाऊं क्या?"

तात्या पाय धुऊन आले. वीणा देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं एकमेकांच्या पाया पडायची रीत आहे. मी वाकलो, तर तेही वाकले. मी ओशाळून म्हणालो, "तात्या, तुम्ही कशाला?"

गाभाऱ्याकडे मान करून ते म्हणाले, "तिथं कुणी नाय म्हणून वाकत नाय. तू तर हायस की."

मी वीणा त्यांच्या गळ्यात घातली. ते फलाटावर गाडी लागल्याची घोषणा करावी तशा खणखणीत आवाजात 'रामकृष्णहरी' म्हणू लागले.

मॅच संपल्यावर दाभाडेसाहेब पेढा चघळत आले. "वा तात्या, हरिनाम! आता तरी विश्वास बसला का?"

"कुणावर?" तात्या म्हणाले. "चारची पाळी तुमची व्हती."

वीणा गळ्यात घ्यायची तर रीत पाळणं भाग होतं. साहेब पोट सांभाळत तात्यांच्या पायांपर्यंत वाकले. तात्याही तेवढ्याच नेमानं त्यांच्या पाया पडले. दुसऱ्या दिवशी किल्ली तात्यांच्या घरी पोचली. ठराव बिराव काही झाला नाही.

पुढे कितीतरी वर्षं देऊळ त्यांनीच उघडलं. ते गेले तेव्हा शोकसभा देवळातच झाली. दाभाडेसाहेब डोळे पुसत म्हणाले, "तात्या वरून काहीही म्हणोत, आतून ते आस्तिकच होते. इतका चांगला माणूस नास्तिक असेलच कसा?" माना डोलल्या. काहींनी तर मारुतीला हात जोडले.

मला राहवलं नाही. जे खोटं बोलायचं नाही म्हणून त्यांनी किल्ली सोडली, ते खोटं आम्ही त्यांच्यामागे फुकटात बोलत होतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "नव्हते. तात्या देव मानत नव्हते. हे त्यांनी इथंच उभं राहून सांगितलंय."

साहेब खाली बघू लागले. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या समोरच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "व्हय, खरं हाय. मला बी तसंच सांगायचे, माझ्यापुरती सतरंजी टाकता टाकता."