पिवळं मीटर कोणी धरायचं

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या त्या दालमिलच्या मॅनेजरला मी अजून माफ केलेलं नाही. करायचा विचारही नाही.

मी मोर्शीची. अमरावतीला आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियनचा ट्रेड. तुकडीत आम्ही दोघीच मुली होतो. दालमिलमध्ये लागले तेव्हा तिथे आधीपासून एक मिस्त्री होते, पन्नाशी उलटलेले. मिलमधली प्रत्येक मोटर त्यांच्या हातची. पहिल्या दिवशी मी "नमस्कार काका" म्हटलं, तर माझ्याकडे न बघता त्यांनी मॅनेजरला विचारलं, "हे काय करीन इथं? शिडीवर चढन का?"

मी त्याच दिवशी चढले, दाणा वर नेणाऱ्या एलिव्हेटरच्या वरच्या मोटरपर्यंत. खाली उतरले तेव्हा ते चहाला निघून गेले होते.

दोन वर्षं असंच चाललं. पाना मागितला तर ते हातात द्यायचे नाहीत, जमिनीवर ठेवायचे. मी वाकून उचलायचे. कधीकधी त्यांनी मागितलेली पकड मीही जमिनीवरच ठेवायचे.

आमच्या दोघांत एकच मल्टिमीटर होतं. पिवळं, हलकं, मोबाइलचे चार्जर विकणाऱ्या दुकानात टांगलेलं असतं तसलं. ते मॅनेजरनं आणलेलं. मॅनेजर म्हणजे शेठचा मेहुणा, सगळी खरेदी त्याच्याकडे. मीटरच्या तोंडावर ठळक अक्षरांत 'कॅट थ्री, सहाशे व्होल्ट' असं छापलं होतं. म्हणजे मोटरच्या पॅनलवर, जिथे चारशे पंधरा व्होल्ट असतात, तिथे ते बिनधास्त लावता येतं, असा त्याचा अर्थ. मी ते वाचलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

तुरीचा सीझन होता. सकाळीच एलिव्हेटरची मोटर घूं घूं करत थांबली. काका म्हणाले, एक फेज गेला असन. त्यांनी पॅनल उघडलं, मीटरचा नॉब व्होल्टवर फिरवला आणि दोन्ही पिना काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, दोन फेजवर टेकवल्या.

मी चार पावलांवर उभी होते. सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. डोळ्यांसमोर नुसता पांढरा उजेड. तो गेला तेव्हा काका जमिनीवर बसले होते. उजव्या हाताची बोटं काळी पडली होती, भुवया जळाल्या होत्या, आणि मीटरचं पाठचं झाकण पार भिंतीपाशी जाऊन पडलं होतं. मी मेन स्विच पाडला. काकांना धरायला गेले तर त्यांनी डाव्या हातानं मला ढकललं.

"सरक," म्हणाले.

मॅनेजरनं गाडी आणली. काकांना बसवायच्या आधी त्यानं सीटवर पोतं अंथरलं. ते पोतं मी विसरू शकत नाही.

ते गेल्यावर मी मीटर उचललं. लाल वायर करंट मोजायच्या, दहा अँपिअरच्या भोकात होती. वायर तिथे असली की मीटर व्होल्ट मोजत नाही, नुसत्या तारेसारखं वागतं. काकांनी पिना टेकवल्या आणि दोन फेज सरळ एकमेकांना जोडले गेले.

वायर तिथे मी ठेवली होती. आदल्या दिवशी जनरेटरच्या बॅटरीचं चार्जिंग तपासलं आणि ती परत जागेवर लावायची विसरले.

कोणी विचारलं नव्हतं. मीच जाऊन सांगितलं. मॅनेजरचा चेहरा एकदम मोकळा झाला. "झालं मंग," तो म्हणाला, "मीटरची काही चूक नाही. मॅडमची चूक." नंतर मी दवाखान्यात काकांना सांगितलं. त्यांनी कॉटवर पडल्या पडल्या ऐकून घेतलं.

"मी जित्ता हाय म्हणून सांगून राहिली तू. मेलो असतो तं कोणाले सांगितलं असतं?"

 मी पाण्याचा ग्लास त्यांच्या डाव्या हाताशी सरकवला आणि निघून आले.

खोलीवर येऊन मी ते जळकं मीटर खोललं. दहा अँपिअरच्या भोकापासून आत सरळ एक जाड तार गेली होती. फ्यूजसाठी जागा ठेवलेली होती, फ्यूज बसवलेलाच नव्हता. दुसऱ्या भोकाला काचेचा बारीक फ्यूज, स्कूटरमध्ये असतो तेवढा. पुढचा आठवडाभर मी मोबाइलवर मिळेल ते वाचत बसले. चांगल्या मीटरमध्ये त्या जागी बोटाच्या पेराएवढा जाड सिरॅमिकचा फ्यूज असतो, आत वाळू भरलेला. वायर चुकीच्या भोकात राहिली तर तो आतल्या आत उडतो आणि मीटर धरणाऱ्याचा हात वाचतो. छापण्याचं म्हणाल तर 'कॅट थ्री' कोणीही छापतं. ते खरं की खोटं हे बाहेरच्या लॅबनं तपासलेलं असावं लागतं, आणि तसा शिक्का पाठीवर असतो. आयटीआयमध्ये आम्हाला मीटर वापरायला शिकवलं होतं. घ्यायचं कोणतं, ते कोणी सांगितलं नव्हतं.

विसरले मीच. पण माणूस विसरणार हे धरून बनवलेलं मीटर बाजारात मिळत होतं, आणि आमच्या हातात हे दिलं होतं. तोवर मला फक्त स्वतःचा राग होता.

काही दिवसांनी मॅनेजरनं माझ्यापुढे खोकं ठेवलं. तेच पिवळं मीटर, तीच छापील अक्षरं. "घ्या मॅडम, नवीन आणलं. आता भोक पाहून घाला."

त्याच आठवड्यात डाळ पॉलिश करणाऱ्या मशीनच्या मोटरचा स्टार्टर सारखा ट्रिप व्हायला, आपोआप बंद पडायला लागला. मी पॅनलसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "या मीटरनं मी पॅनल तपासणार नाही."

"मंग बिना मीटरचं तपासा."

"तेही नाही."

"मंग घरी जा."

"लिहून द्या, जाते."

तो ओरडायला लागला. मिल बंद, हमाल पोत्यांवर बसून आमच्याकडे बघत होते. एक जण हसला. मी हात घट्ट बांधून घेतले. मॅनेजरनं फोन काढून काकांना लावला. ते सुट्टीवर, हात अजून पट्टीत, तरी त्यानं बोलावलं आणि तरीही ते ऑटोनं आले. मला वाटलं, आता मला खाली पाहायला लावण्यासाठी हा माणूस डाव्या हातानंही काम करून दाखवील.

काकांनी मीटर उचललं, उलटसुलट पाहिलं आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. "हे उघड."

मी स्क्रू काढले. झाकण उघडून ती जाड तार आणि फ्यूजची रिकामी जागा बोटानं दाखवली. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग मॅनेजरकडे वळले.

"हे मीटर मी धरत नाही. कोणालेच धरू देत नाही."

"काका, तुमी बी तिच्याच बाजूनं?"

"तिच्या बाजूनं कोण बोलून राह्यलं? तिनं मले जाळलं. पण हे तुमी आणलं होतं."

एवढं बोलून ते त्याच ऑटोनं परत गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. मॅनेजरनं बाहेरचा कंत्राटदार बोलावला, तो स्वतःचं मीटर घेऊन आला, आणि दुपारनंतर मिल सुरू झाली. संध्याकाळी मॅनेजरनं माझ्याकडे पाठ करूनच सांगितलं, "आणा तुमाले पायजे ते."

मॅनेजरच्या ओळखीच्या दुकानात पुन्हा तेच मिळालं असतं, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी अमरावतीला गेले. दुकानदारानं विचारलं, "ताई, घरच्यासाठी ना? हे न्या, सगळे हेच नेतात." तेच पिवळं.

"मोटरच्या पॅनलसाठी पाहिजे."

"हे बी कॅट थ्रीच हाय. पाहा, छापलं हाय."

"लॅबचा शिक्का कुठे आहे? आणि मागून उघडून फ्यूज दाखवा."

"शोरूममधी कोणी गाडीचं इंजन खोलून पाह्यते का ताई?"

"मग राहू द्या."

मी पायऱ्या उतरले तेव्हा त्यानं हाक मारली. त्यानं एकामागून एक तीन मीटरं उघडली, प्रत्येक स्क्रू काढताना माझ्या तोंडाकडे पाहत. पहिल्या दोन मीटरांत काचेचेच फ्यूज. तिसऱ्यात दोन जाड सिरॅमिकचे, पाठीवर शिक्का, कॅट थ्री, एक हजार व्होल्ट. वायरीही मी तपासल्या. त्यांच्यावरही तेच रेटिंग, आणि पिनांची फक्त टोकं उघडी, बाकी प्लास्टिकनं झाकलेली. ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर, चालणाऱ्या मोटरचे आकडे नीट दाखवील का, हेही विचारलं. "दाखवीन, दाखवीन," तो म्हणाला. मी माहितीपत्रक मागून घेतलं आणि काउंटरवर उभी राहून शेवटपर्यंत वाचलं. तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाला तो मोठ्यानं सांगत होता की कंपनीतल्या बाया फार डोकं खातात.

महिन्याभरानं काका कामावर आले. त्यांची दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. नवं मीटर हातात घेऊन त्यांनी आधी वायरी कोणत्या भोकांत आहेत ते पाहिलं, मग चालू सॉकेटवर लावून मीटर बरोबर दाखवतं का ते पाहिलं, मगच पॅनलला लावलं. शेवटी परत सॉकेटवर, मीटर मधेच बिघडलं नाही ना ते पाहायला. ही पद्धत मी भिंतीवर लिहून लावली होती. ती वाचली असं ते कधी म्हणाले नाहीत.

मॅनेजरनं माझ्याकडून लेखी घ्यायचा प्रयत्न केला की अपघात माझ्या निष्काळजीपणामुळे झाला. मी लिहिलं, लाल वायर चुकीच्या भोकात मी ठेवली, आणि मीटरमध्ये फ्यूज नव्हता. तो म्हणाला, दुसरं वाक्य काढा. मी काढलं नाही. त्यानं कागद फाडला. मी घरी जाऊन पुन्हा तोच मजकूर लिहिला, रजिस्टर पोस्टानं शेठच्या नावावर पाठवला आणि पोचपावती जपून ठेवली. शेठनं एका शब्दानंही उत्तर दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका सगळ्या मिलला वाटली, हमालांनाही. मला दिली नाही. लग्नाच्या दिवशी सगळे तिकडे गेले, आणि मिल मी एकटीनं सांभाळली.