मन्मथअप्पांच्या वायरवरची बाहुली

पाथरीत घर बांधताना मी शेजाऱ्याच्या इंटरनेटच्या वायरीला बोटही लावलं नाही, आणि तरीही त्याच्या मुलीची सोयरीक मोडायची वेळ आणली.

ही वायर रस्त्यावरच्या खांबावरून निघून, आमच्या अर्धवट बांधकामावरून उतरत उतरत मन्मथअप्पांच्या खिडकीत शिरायची. वरचा मजला चढवायचा म्हणजे ती हलवणं आलंच. पण अप्पा आधीच हात जोडून आले. पुण्याचा मुलगा आणि त्याची आजी रविवारी व्हिडिओ कॉलवर गौराला बघणार होते. आजीनं होकार दिला की लग्न पक्कं!

"दादा, तेवढा रविवार जाऊ द्या. वायरीला हात लावू नका," अप्पा म्हणाले. मी शब्द दिला. (शब्द द्यायला आपलं काय जातं?)

शनिवारी बायकोनं माझ्या हातात काळी बाहुली आणि माझीच जुनी चप्पल ठेवली. नव्या बांधकामाला नजर लागते आणि अख्खी गल्ली येता-जाता वर बघायली, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना दिसेल अशी जागा एकच होती. दिलेल्या शब्दाला जागून, वायरीला हात न लावता, मी बांबूच्या टोकानं बाहुलीचा फास तिच्यावर अडकवला. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूष झालो.

रविवारी इकडे कॉल सुरू झाला आणि तिकडे वारा सुटला. बाहुली हलली, आणि उतारावरून चपलेसकट घसरत निघाली ती थेट अप्पांच्या खिडकीत! गौरा खिडकीकडे पाठ करून लाजत बोलत होती आणि तिच्या खांद्यामागं बाहुली डोलत होती. बांबू घेऊन मी त्या खिडकीपाशी धावलो, बाहुली ओढली, तर वायरच तुटून बांबूला लोंबली.

अप्पांच्या घरात शिरलो तेव्हा सगळे पांढरेफटक पडले होते. गौराच्या डोळ्यांत पाणी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तेवढ्यात आजीचा साधा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला.

"बाहुली बघितली बरं का. पोरीला नजर लागू नये म्हणून एवढं जपणारं घर हाय. आमाला पसंत हाय," आजी म्हणाली. "पण तिच्यामागं बांबू धरून, आ वासून उभं होतं, ते काय हो?"

अप्पांनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"ते बी नजरंसाठीच लावलंय," ते म्हणाले.